हात कुठे ठेवावा: प्रस्तावना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत स्नायूंच्या दुखण्यांना ऋतू आहेत. गुरुपौर्णिमेला गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो आणि गोपाळकाला उरकेपर्यंत खांदे, माना, कंबरा दाखवायला तरुण मुलं येत राहतात. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन ज्या वर्षी भरते, त्या वर्षी त्यात पोटऱ्या आणि मांड्यांची भर पडते. भाद्रपदात ढोल कंबरेला बांधले जातात. फाल्गुनात ते पुन्हा बाहेर निघतात, कारण १९९९ साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आता गावोगावी निघते आणि ढोलाशिवाय तिचं पान हलत नाही. दिवाळीआधी घर झाडताना माळ्यावर चढलेल्या गृहिणींच्या माना धरतात. मे महिन्यात माहुली किंवा मलंगगड चढून आलेल्यांचे गुडघे आणि नडग्या.

बारमाही ऋतू एकच, लोकलचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला पोहोचली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला गेले, आणि या गावांचं रोजचं जगणं वेळापत्रकाला बांधलं गेलं. डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद गाडीनेही तासाहून जास्त लागतो. तो तास एक हात वरच्या कडीला, दप्तर छातीवर, मान मोबाइलमध्ये आणि पाय कुणाच्या तरी पायांच्या फटीत, असा जातो. बसायला मिळालंच तर चौथी सीट, म्हणजे अर्धी मांडी हवेत आणि कंबर सारखी तोल सावरत. लोक मला विचारतात, या उभं राहण्यामुळेच पाठ दुखते का? थोडीफार. पण माझं निरीक्षण असं की पाठ बिघडवण्यात उभं राहण्यापेक्षा झोपेचा वाटा मोठा. पहाटेची गाडी पकडायची म्हणून चारला उठणारा माणूस रात्री अकराला जेवतो. अपुऱ्या झोपेने दुखण्याची जाणीव तीव्र होते, हे प्रयोगांतून चांगलं सिद्ध झालेलं आहे. अशा माणसाला तेल लावून भागत नाही, तरी तो तेलच मागतो.

गोविंदांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण स्नायूवर भार येतो म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं उघड दुसरीकडे दिसत नाही. २०१२ साली ठाण्यातच जय जवान पथकाने नऊ थर रचले आणि ४३.७९ फुटांची नोंद गिनीजच्या पुस्तकात गेली. दहा वर्षांनी, २०२२ साली, राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. टीव्हीवर कॅमेरा वरच्या पोराकडे असतो. माझं लक्ष खालच्या थराकडे. तिथला माणूस हालचाल करतच नाही. त्याच्या गळपट्टीच्या हाडामागे, मान आणि खांदा जोडणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूवर दुसऱ्याचे पाय रोवलेले असतात आणि तो स्नायू लांबी न बदलता आकसून तसाच राहतो. आकसलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. काही सेकंदांत जळजळ, मग थरथर, मग थर उतरतो किंवा कोसळतो. सरावानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणारा ठणका निराळा. त्यात मोठं काही फाटलेलं नसतं, नेहमीपेक्षा जास्त काम झाल्याची ती पावती असते आणि चार-पाच दिवसांत ती आपोआप जाते. थर कोसळून मानेवर, मनगटावर, घोट्यावर पडलेल्याची गोष्ट पूर्ण वेगळी, आणि नेमकी तिथेच गडबड होते. पडलेल्या पोराला मित्र कडेला घेतात, कुणीतरी तेलाची बाटली काढतो आणि रगडायला सुरुवात होते.

ते रगडू नये. मांडीवर जोराचा मुका मार बसला की आत स्नायूत रक्त साकळतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते जोराने चोळलं तर रक्तस्राव वाढतो, आणि काही वेळा त्या साकळलेल्या जागी चक्क हाड धरू लागतं. वैद्यकात याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीत एक्स-रेवर हाडाचा ढग दिसतो तेव्हा घरचे विचारतात, आम्ही तर रोज मालिश करत होतो, मग असं कसं झालं? उत्तर त्या प्रश्नातच असतं.

आता हात कुणाचे, ते पाहू. या शहरांत स्नायूंवर हाताने उपचार करणारी सगळ्यात मोठी जमात फिजिओथेरपिस्टांची नाही. ती आहे बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बायांची. सकाळी एका सोसायटीतून दुसऱ्या सोसायटीत जाणाऱ्या, पिशवीत जुनं लुगडं आणि स्वतःचा पाट बाळगणाऱ्या या बाया सव्वा महिना रोज येतात. पाय लांब करून बसतात, बाळाला नडग्यांवर घेतात. बाळंतिणीची पाठ कोपराने दाबतात, पोटऱ्या तळहाताच्या टाचेने वर ओढतात, मग कडक पाणी, मग शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी. त्यांच्यातल्या जाणत्या बाईचं काम पाहणं हे शिक्षण आहे. त्या बाळंतिणीच्या चेहऱ्याकडे पाहत दाब कमी-जास्त करतात. कुठे थांबायचं ते हाताला कळतं. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला हे शिकायला वर्षं लागतात. म्हणून त्यांचं सगळंच बरोबर, असं मात्र नाही. बाळाच्या नाका-कानात तेल सोडणं, नाक ओढून सरळ करणं, छाती पिळणं याला बालरोगतज्ज्ञांचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. सिझेरियनच्या टाक्यांवर लवकर दाब देणंही चुकीचं. पण त्यांना अडाणी म्हणून बाजूला सारणारे डॉक्टर एक गोष्ट विसरतात. पहिल्या बाळंतपणानंतरच्या त्या रडव्या दिवसांत रोज एक तास कुणीतरी या बाईच्या अंगाला मायेने हात लावतं, तिच्याशी बोलतं, आणि तेवढा वेळ ती कुणाची सून किंवा आई नसते.

दुसरा हात हाडवैद्याचा. त्याची जागा क्ष-किरणांनी घेतली, तरी तो पूर्ण गेलेला नाही. तिसरा तर हात नव्हेच, पाय. उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाकडून पाठीला लाथ मारून घ्यायची, हा उपाय कल्याणच्या जुन्या वाड्यांतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना अजून ठाऊक आहे. मी त्याला हसत नाही. उसण, म्हणजे कंबरेत अचानक भरणारी कळ, बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत ते काही आठवड्यांत उपचाराविना ओसरते. दुखणं जायच्या बेतात असताना शेवटी जो भेटतो, श्रेय त्याला मिळतं. पायाळूला मिळतं, रुईच्या पानाच्या शेकाला मिळतं, गळ्यातल्या ताईताला मिळतं, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा मलाही मिळतं. आमच्या धंद्यातली ही अवघड गोष्ट आहे. रुग्ण बरा झाला एवढ्याने उपचार खरा ठरत नाही.

तालमीतला हात वेगळ्या शिस्तीचा. जोर-बैठका आणि लढत झाली की धाकट्याने थोरल्याचं अंग चोळायचं, ही कुस्तीतली रीत. ठाणे जिल्ह्यातल्या आगरी गावांतल्या जत्रांचे आखाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना ती माहीत आहे. तिथे मालिश हा उपचार नसतो, दिनक्रम असतो. आयुर्वेदातही अभ्यंग दिनचर्येतच येतो. वाग्भटाने डोकं, कान आणि पाय यांना तेल विशेष लावायला सांगितलं, आणि त्याच ठिकाणी कफाचा विकार असलेल्याने, अजीर्ण झालेल्याने, नुकतंच शोधन घेतलेल्याने अभ्यंग टाळावा असंही सांगितलं. म्हणजे कधी करू नये याची यादी आपल्या परंपरेतच होती. सुश्रुताच्या १०७ मर्मांचं तर आज उलटंच झालंय. ती त्याने मुख्यतः शस्त्र चालवताना जपायच्या जागा म्हणून मोजली, त्यांना इजा झाली तर काय होतं ते सांगितलं. आज त्याच जागा दाबून देण्याची जाहिरात रिक्षाच्या पाठीवर दिसते.

युरोपातली गोष्ट थोडक्यात उरकतो. ज्याला सर्रास स्वीडिश मसाज म्हणतात त्याचं श्रेय पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जातं. त्यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली, पण मालिशीच्या हालचालींना आज वापरली जाणारी फ्रेंच नावं रुळवली ती हॉलंडच्या योहान मेझगर यांनी. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या जेम्स सिरिॲक्स यांनी विसाव्या शतकात तंतूंच्या आडवं घासण्याची पद्धत बसवली. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल या केनेडींच्या डॉक्टर होत्या. त्यांनी डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर १९८३ साली ट्रिगर पॉइंटवरचा जाडजूड ग्रंथ काढला आणि जगभरच्या फिजिओथेरपिस्टांच्या भिंतींवर लाल फुल्यांचे नकाशे लागले. आपल्याकडे हे शिक्षण आलं ते खेळाडूंसाठी नव्हे, पोलिओसाठी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथींनंतर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभी राहिली. १९५५ साली हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. आज घोडबंदर रस्त्यावर दर दोन चौकांना दिसणारे दवाखाने त्या पोलिओच्या वॉर्डांचे वंशज आहेत.

या पुस्तकाचा विषय म्हणजे हाडांना सोडून उरलेल्या मऊ भागांवर, म्हणजे स्नायू, त्यांच्या कंडरा, त्यांच्यावरची आवरणं यांच्यावर हाताने केलेले उपचार. त्यात तेल लावून लांब हात फिरवणं आलं, पिळणं आलं, एका जागी अंगठा रोवून थांबणं आलं, स्नायूला ताण देऊन धरणं आलं. स्टीलच्या पट्टीने घासणं, सुया टोचणं आणि कप लावणं हे शेजारी. कपांबद्दल एक गंमत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर लाल चकत्या दिसल्या आणि आपल्याकडे कपिंगची लाट आली. ज्यांच्या आज्या वैदूकडून तुंबडी लावून घ्यायच्या, त्यांच्या नातवंडांनी तीच गोष्ट नव्या दराने घेतली. परिणामाचा पुरावा दोन्हीकडे सारखाच पातळ.

आता मुद्द्यावर येतो. हात नेमकं काय करतो?

आधी काय करत नाही ते. व्यायामानंतर साचलेलं लॅक्टिक ॲसिड मालिशीने बाहेर निघतं, असं जिममधला प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ते शरीर स्वतःच वापरून टाकतं, आणि तिसऱ्या दिवशीच्या ठणक्याशी त्याचा संबंध नाही. २०१२ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी अकरा तरुणांच्या मांड्यांचे नमुने तपासले. दहा मिनिटांच्या मालिशीनंतर स्नायूतल्या दाहाचे संकेत उतरलेले दिसले, लॅक्टेटवर मात्र काही फरक नव्हता. प्रयोग छोटा होता, पण दोन्ही गोष्टी बोलक्या आहेत. दुसरा समज गाठ फोडण्याचा. पाठीवर हात फिरवताना बोटांखाली कडक दोरीसारखं काहीतरी लागतं, रुग्णही म्हणतो ‘हां, तिथेच’. पण ती गाठ म्हणजे काय, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, आणि दोन कुशल हातांना एकाच पाठीवर त्याच जागी गाठ सापडेल याची खात्री देता येत नाही, असं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तिसरा समज, आवरणं चिकटलेली असतात आणि ती आम्ही सोडवतो. मांडीच्या बाहेरचा जाड पडदा कायमचा ताणायला जेवढं बळ लागेल तेवढं अंगठ्यात नसतं, आणि असतं तर रुग्ण टेबलावर थांबला नसता.

मग लोकांना बरं का वाटतं? कारण बदल स्नायूत कमी आणि मज्जासंस्थेत जास्त होतो. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की स्पर्श आणि दाबाचे संदेश पाठीच्या कण्यातच दुखण्याच्या संदेशांची वाट अडवू शकतात. त्यांच्या सिद्धान्तात पुढे बरेच फेरबदल झाले, पण मूळ गोष्ट टिकली. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो ते उगीच नाही. त्यात भर पडते विश्वासाची, उबेची, कुणीतरी नीट ऐकून घेतल्याची. दुखावलेल्या जागेभोवतीचे स्नायू आखडतात ते सोसायटीच्या वॉचमनसारखे. एकदा चोरी झाली की तो दूधवाल्यालाही अडवू लागतो. हात त्याला पटवतो की आता धोका नाही. काही मिनिटं, काही तास, कधी एक-दोन दिवस तो पटतो. मान पाच अंश जास्त वळते, वाकताना कळ येत नाही.

तेवढ्याच वेळात खरं काम करायचं असतं. माझं म्हणणं या पुस्तकात वेगवेगळ्या तऱ्हेने आलंय, इथे सरळ लिहितो. फाटलेला स्नायू हाताने बरा होत नाही, भाराने होतो. स्नायूच्या तंतूंच्या कडेला सुप्त पेशी असतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिल्या. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, नवे तंतू घडवतात. ते तंतू कोणत्या दिशेने लागावेत आणि किती मजबूत व्हावेत, हे त्यांच्यावर कसा आणि किती ताण येतो यावर ठरतं. बॅडमिंटन खेळताना पुढे झेपावून मांडीचा मागचा स्नायू धरलेली मुलगी घ्या. पहिले दोन-तीन दिवस जपणं, हळुवार हालवणं. मग दुखणार नाही इतपत आकसणं, मग टाच ओढणं, मग उभ्याने पुढे वाकून वजन सावकाश खाली नेणं, मग धावणं, आणि शेवटी पुन्हा ती झेप. या सगळ्यात मालिशीची जागा आहे, पण ती बाजूची आहे. मालिश करून घेऊन तीन आठवड्यांनी थेट स्पर्धेत उतरलेल्यांचा तोच स्नायू पुन्हा धरतो. मांडीच्या मागच्या स्नायूची ही जुनी खोड आहे.

पुराव्याचं बोलायचं तर वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात कंबरदुखीला मालिशीने थोड्या काळासाठी आराम मिळतो असं दिसलं, पण अभ्यासांचा दर्जा कमी आणि लांबच्या काळात फरक जवळजवळ नाहीच. खेळाडूंच्या बाबतीत २०२० साली झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात मालिशीने वेग, ताकद, उडी यांपैकी काहीही वाढल्याचं दिसलं नाही. लवचिकता थोडी वाढली, ठणका थोडा कमी झाला. माझ्या व्यवसायबंधूंना हे वाचून राग येतो. मला हायसं वाटतं, कारण थोडा आराम ही लहान गोष्ट नाही. फक्त तो थोडा आहे हे सांगायला हवं, आणि वीस बैठकांचं पॅकेज आगाऊ विकताना तर नक्कीच सांगायला हवं.

हीच शिस्त तपासण्यांबद्दल. आता लोक दवाखान्यात येतात ते पाठ घेऊन नव्हे, एमआरआयची भलीमोठी पिशवी घेऊन. ‘माझी गादी सरकली आहे’ हे पहिलं वाक्य. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ज्यांना काहीही दुखत नाही अशा माणसांचे मणके पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकती झिजल्याची चिन्हं होती, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. चकती फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के. म्हणजे चित्रातली पुष्कळशी झीज ही केसांच्या पांढरेपणाइतकीच रोगाची खूण असते. चित्र आणि दुखणं जुळतंय का, हे तपासणाऱ्या माणसाने ठरवायचं असतं, अहवाल टाइप करणाऱ्याने नाही.

पुस्तकाची रचना अवयवांप्रमाणे केलेली नाही, कामांप्रमाणे केली आहे. लोकलचा प्रवासी, गोविंदा, ढोलवादक, पोळ्या लाटणारी आणि ओले कपडे पिळणारी बाई, वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीत दिवसभर यंत्रापुढे उभा राहणारा कामगार, कल्याणच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारा माथाडी, लॅपटॉपवाला. माथाडींवरचं प्रकरण सगळ्यांत लांब झालंय आणि ते मी मुद्दाम कापलेलं नाही. १९६९ च्या कायद्याने त्यांना मजुरी, नोंदणी आणि मंडळ दिलं. पाठीचं वजन कमी व्हायला मात्र पोत्याचा आकारच बदलावा लागतो, ते माझ्या हातात नाही. अशा माणसाला ‘वाकू नका, वजन उचलू नका’ असं सांगणारा सल्लागार त्याला घरी बसायला सांगत असतो. त्याच्यासाठी काय करता येतं, पोटऱ्या-मांड्या कशा तयार ठेवाव्यात, दुखऱ्या आठवड्यात साथीदाराशी काम कसं वाटून घ्यावं, हे तिथे आहे.

मसाज गन, फोम रोलर आणि दुखणं घालवणारे पट्टे यांवर दोन पानं आहेत. त्याहून जास्त लिहिण्यासारखं त्यांत नाही. लहान मुलांवरचं प्रकरण बालरोगतज्ज्ञांच्या क्षेत्रात जात होतं म्हणून गाळलं. तेल कोणतं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, त्याचं उत्तर इथेच देऊन टाकतो. नारायण तेल, तिळाचं, खोबरेल, घरात असेल ते. हात सरकावा आणि कातडी सोलवटू नये, एवढंच त्याचं मुख्य काम. त्वचेला ॲलर्जी नसली की झालं.

हात कुणाचा घ्यावा, याबद्दल. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांसाठी २००२ चा कायदा आहे आणि राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागते. २०२१ साली केंद्राचाही कायदा आला. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, खऱ्या माणसाला राग येत नाही. नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही यावर २०२५ च्या सप्टेंबरात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने एक पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. त्या वादाने रुग्णाच्या पाठीत काही फरक पडलेला नाही. पाटीवरच्या पदव्यांपेक्षा पहिल्या भेटीत काय होतं ते बघा. त्याने प्रश्न विचारले का, तुम्हाला चालायला, वाकायला लावलं का, घरी करायला काही दिलं का, आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरकडे पाठवीन हे सांगितलं का. थेट टेबलावर पालथं झोपवून सुरुवात करणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

आणि केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडाकडा मोडून घेणं थांबवा. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. अचानक झटक्याने त्यांचं अस्तर फाटलं तर पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचितच घडतं, पण फुकटच्या मालिशीसाठी घेण्याजोगी ती जोखीम नाही.

या पुस्तकातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पुढचं घरात सगळ्यांना वाचून दाखवा. पाठदुखीबरोबर लघवी-शौचाचा ताबा सुटला किंवा मांड्यांमधली बसण्याची जागा बधिर झाली, तर कोणाचाही हात लावून न घेता त्याच तासाला रुग्णालय गाठा. रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं, त्यासोबत ताप किंवा उतरत जाणारं वजन असेल तर आधी डॉक्टर. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून आहे आणि तो मालिशीखाली महिनोन्महिने लपून राहतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी शेक घेऊ नये, भाजलेलं कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावं. आणि एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम आणि दुखरी झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर, पायाला प्लास्टर असताना आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका जास्त असतो. त्या सहा आठवड्यांत घरी मालिशीला येणाऱ्या बाईंना हे आजच सांगा. अशी पोटरी दिसली तर त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवून घरच्यांना हाक मारावी.